आज्ञेला नाव कोणते द्यावे?

ग्रामपंचायतीचा करमागणीचा तक्ता, शाळेचे निकालपत्रक, तालुक्याच्या कचेरीतील वेतनदेयके ही कामे आज बहुतांशी संगणकावर होतात. ती करून घेणाऱ्या आज्ञावल्या ज्या भाषांत लिहिल्या जातात, त्यांच्याविषयी सर्वसाधारण वाचकाची अशी समजूत असते की, तेथे सारे अंकांचे व चिन्हांचे राज्य असून भाषेच्या अभ्यासकाला तेथे काही काम नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ नावे शोधण्यात जातो, आणि चुकीचे नाव पडल्यास त्याचे परिणाम पुढे अनेक वर्षे अनेकांना भोगावे लागतात. हा प्रश्न मुळात भाषेचा असल्यामुळेच प्रस्तुत लेखकासारख्या कलाशाखेच्या पदवीधरालाही त्यात रस वाटतो.

प्रथम नाव कशाला द्यावयाचे, ते पाहू. समजा, एखाद्या घरमालकाची मागील थकबाकी घ्यावयाची आहे, तीत चालू वर्षाची मागणी मिळवावयाची आहे, त्यातून झालेला भरणा वजा करावयाचा आहे आणि उरलेली रक्कम सांगावयाची आहे. गावात सातशे घरे असतील तर ही कृती सातशे वेळा करावी लागेल. म्हणून ती एकदाच तपशिलाने लिहून ठेवतात आणि तिला एक नाव देतात. पुढे आज्ञावलीत कोठेही ते नाव घेतले की संगणक ती संपूर्ण कृती पार पाडतो. अशा नामांकित कृतीला फंक्शन म्हणतात. गणितातील फलनाशी त्याचे नाते आहे. परंतु व्यवहारात फंक्शन हाच शब्द रुळला असल्याने या लेखात तोच वापरला आहे.

संगणकाला या नावाचा अर्थ मुळीच कळत नाही. वरील कृतीला ‘बाकी काढ’ असे नाव दिले काय किंवा ‘अबक’ असे दिले काय, तो तितक्याच तत्परतेने ती पार पाडील. अर्थ कळावयास हवा तो माणसाला. आज्ञावली लिहिणारा माणूस बदलून जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि त्याच्या हाती फक्त ती नावे राहतात. दप्तर ज्या स्थितीत सोडले असेल त्या स्थितीत नव्या लिपिकाला स्वीकारावे लागते, तसाच हा प्रकार आहे. कपाटातील फायलींवर ‘संकीर्ण’, ‘संकीर्ण दोन’ आणि ‘नवीन संकीर्ण’ एवढेच लिहिलेले असेल, तर पदभार घेणाऱ्याची काय अवस्था होते, हे वाचकांना ठाऊक आहेच.

काउंट आणि काउंटए

उदाहरणे दूरची घेण्यापूर्वी, कार्यालयात व शाळेत रोज वापरल्या जाणाऱ्या एक्सेलकडे वळू. एक्सेलमध्ये काउंट नावाचे फंक्शन आहे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ मोजणे. एखाद्या शिक्षकाने पन्नास विद्यार्थ्यांच्या नावांचा रकाना या फंक्शनला दाखविला, तर उत्तर पन्नास यावे अशी त्याची अपेक्षा असते. उत्तर येते शून्य. कारण काउंट हे फंक्शन केवळ अंक असलेली घरे मोजते. नावे त्याच्या लेखी नसतातच. रिकामी नसलेली सर्व घरे मोजावयाची असतील तर काउंटए हे वेगळे फंक्शन वापरावे लागते. शून्य हे उत्तर उघडच चुकीचे दिसते म्हणून ते निदान लक्षात तरी येते. परंतु हजेरीच्या रकान्यात कोणी काही ठिकाणी अंक व काही ठिकाणी ‘हजर’ असा शब्द भरला असेल, तर काउंट पन्नासऐवजी एकतीस असे उत्तर देईल, आणि एकतीस ही संख्या कोणालाच संशयास्पद वाटणार नाही.

याहून अधिक सावधगिरी व्हीलुकअप या फंक्शनबाबत बाळगावी लागते. नावातील व्ही हे अक्षर उभ्या रकान्याचे द्योतक आहे आणि लुकअप म्हणजे शोधून पाहणे. नाव कोठे शोधावयाचे ते सांगते. परंतु कसे शोधावयाचे ते सांगत नाही. शेवटची सूचना स्पष्टपणे दिली नाही तर हे फंक्शन तंतोतंत जुळणारीच नोंद शोधत नाही, जवळची नोंदही चालवून घेते. चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत ११८ क्रमांकाचे खाते नसेल तर ते निमूटपणे ११७ क्रमांकाच्या खात्याची रक्कम आणून देते. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर दिसू शकते, आणि पडद्यावर चुकीची कोणतीही खूण उमटत नाही. २०१९ मध्ये एक्सलुकअप या नव्या फंक्शनची घोषणा झाली, त्यात मात्र काही न सांगितल्यास तंतोतंत जुळणारी नोंदच शोधली जाते. जुने फंक्शन अर्थातच काढून टाकण्यात आले नाही.

काही ठिकाणी मात्र नामकरण करणाऱ्यांनी उणीव ओळखून ती दूर केल्याचे दिसते. परीक्षेतील गुणानुक्रम काढणारे रँक हे फंक्शन पूर्वीपासून होते. दोन विद्यार्थ्यांना सारखेच गुण असतील तर काय करावयाचे, याचा उलगडा त्या नावातून होत नसे. एक्सेलच्या २०१० च्या आवृत्तीत त्याऐवजी दोन फंक्शने देण्यात आली. एक बरोबरीच्या विद्यार्थ्यांना समान क्रमांक देते, म्हणजे पहिला, दुसरा, दुसरा, चौथा असे क्रम लागतात. दुसरे बरोबरीच्या क्रमांकांची सरासरी काढते, तेव्हा त्याच दोन विद्यार्थ्यांना अडीच हा क्रमांक मिळतो. दोन्ही फंक्शनांच्या नावांच्या शेवटी, समान की सरासरी, हे सुचविणारी अक्षरे जोडली आहेत. शिक्षकाने नाव टंकलिखित करतानाच आपल्याला काय हवे ते ठरविणे त्यामुळे भाग पडते.

सहा अक्षरांचा काळ

संगणकाच्या भाषांतील जुनी नावे इतकी तोकडी व दुर्बोध का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर पुष्कळदा यंत्राच्या रचनेत सापडते. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तयार झालेली फोरट्रान ही भाषा १९५७ मध्ये वापरात आली. त्या यंत्राच्या स्मृतीतील एका घरात सहा अक्षरे मावत असत, आणि भाषेतही राशींची नावे सहा अक्षरांपेक्षा मोठी चालत नसत. फंक्शनचे नाव चार ते सात अक्षरांचे असावे आणि त्याच्या शेवटी एफ हे अक्षर असावेच, असा नियम होता. पुढे सी या भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपातही, एका फायलीतून दुसऱ्या फायलीत वापरावयाच्या नावांची पहिली सहा अक्षरे वेगळी ओळखली जातील, एवढीच हमी होती. १९९९ मध्ये ही मर्यादा ३१ अक्षरांवर नेण्यात आली. सी भाषेतील स्वरहीन, आखडलेली नावे, जी वाचताना जीभ अडखळते, ती या टंचाईच्या काळातील आहेत.

लिस्प या भाषेचे उदाहरण तर अधिकच उद्बोधक आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमारास या भाषेची आखणी सुरू केली. यादीतील पहिला घटक काढून देणाऱ्या फंक्शनचे नाव कार, आणि उरलेली यादी देणाऱ्याचे नाव कडर. या नावांचा यादीशी, पहिल्याशी किंवा उरलेल्याशी काहीही संबंध नाही. आयबीएम ७०४ या यंत्राच्या एका घराचे जे भाग असत, त्यांपैकी दोघांच्या इंग्रजी वर्णनांची ती आद्याक्षरे आहेत. ते यंत्र कधीच कालबाह्य झाले. त्याचे भाग कोणते होते हे सांगणारी माणसेही फारशी उरलेली नाहीत. पहिला आणि उरलेले अशा अर्थाची सुबोध नावे नंतर उपलब्ध झाली. तरीही कार व कडर आजतागायत टिकून आहेत.

याच्या उलट टोकाला १९५९ मध्ये आखण्यास प्रारंभ झालेली कोबोल ही भाषा होती. कार्यालयीन हिशेबांसाठी असलेल्या या भाषेवर ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाचा मोठा प्रभाव होता, आणि कारकुनाला व व्यवस्थापकालाही वाचता यावी अशी ती असावी, हा उद्देश होता. तिच्यात नावे ३० अक्षरांपर्यंत लांब असू शकत. मिळवा, वजा करा, लिहा अशा अर्थाची सरळ इंग्रजी क्रियापदे तीत योजली होती. पण शब्द ओळखीचा असला म्हणजे अर्थ नेमका असतोच असे नाही, याचा दाखलाही तीच भाषा देते. एका रकान्यातील रक्कम दुसऱ्या रकान्यात नेण्यासाठी तिच्यात मूव्ह, म्हणजे हलव, अशी आज्ञा आहे. एखादी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलविली तर पहिल्या टेबलावर ती राहत नाही. कोबोलमध्ये मात्र मूळ रक्कम जागच्या जागी राहते आणि तिची केवळ नक्कल दुसरीकडे जाते. व्यवहारातील शब्द उसना घेताना त्याच्या अर्थाची एक बाजू येथे सुटून गेली.

एक अक्षर वाचविण्याच्या मोहाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण युनिक्स या प्रणालीतील आहे. नवी फाईल निर्माण करणाऱ्या आज्ञेला निर्मितीवाचक इंग्रजी शब्द योजताना त्याच्या शेवटचे ई हे अक्षर गाळले गेले. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांना, पुन्हा संधी मिळाल्यास आपण काय वेगळे कराल असे विचारले असता, त्या आज्ञेच्या शेवटी ई घालीन, असे त्यांनी सांगितल्याची नोंद १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिक्सविषयीच्या एका ग्रंथात आहे.

संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेच्या जुन्या नावांमागील कारण मात्र कोणाच्या ध्यानीमनीही आले नसते. भाषेचे जनक रासमुस लेरडॉर्फ यांनी २०१३ मध्ये स्वतःच सांगितले की, अगदी पहिल्या आवृत्तीत फंक्शन चटकन सापडावे म्हणून त्यांची वर्गवारी नावातील अक्षरसंख्येनुसार होत असे. सर्व नावे सारख्याच लांबीची झाली असती तर एकाच कप्प्यात गर्दी झाली असती. सबब लहानमोठी नावे मुद्दाम निवडण्यात आली. यंत्राच्या सोयीसाठी माणसांनी नावे पाठ केली, असे म्हणावयास हरकत नाही.

एक नाव, दोन अर्थ

आखूड नाव एकदा पाठ केले की काम भागते. खरा धोका असतो तो ओळखीच्या, गोड वाटणाऱ्या, परंतु फसव्या नावांचा. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये तयार झाली. तिच्यात वर्ष सांगणारे एक फंक्शन जावा या भाषेवरून जसेच्या तसे घेतले गेले. त्याचे नाव गेट इयर, म्हणजे वर्ष दे. प्रत्यक्षात ते वर्षातून १९०० वजा करून उरलेला आकडा देते. १९९८ साली ते ९८ असे उत्तर देई, आणि त्याच्या आधी १९ हा आकडा चिकटविला की तारीख शोभून दिसे. १ जानेवारी २००० रोजी त्याच फंक्शनने नियमानुसार १०० असे उत्तर दिले, आणि कित्येक संकेतस्थळांवर वर्ष १९१०० असे झळकले. यात फंक्शनने काहीच चूक केली नव्हती. नावाने जे वचन दिले होते ते आणि कृती यांत अंतर होते. पुढे पूर्ण वर्ष देणारे दुसरे फंक्शन आले. त्याच्या नावात पूर्ण हा शब्द घालावा लागला. याच भाषेत महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार देणारी फंक्शनेही आहेत. वार देणाऱ्या फंक्शनच्या नावात दिवस या अर्थाचा शब्द असल्याने, नवशिका त्याच्याकडून तारीख मिळेल अशी अपेक्षा करतो व त्याच्या हाती शून्य ते सहा यांपैकी एक आकडा पडतो.

पायथन या भाषेत क्लॉक नावाचे फंक्शन होते. घड्याळ हा शब्द कोणाला ठाऊक नाही? परंतु युनिक्सच्या यंत्रावर हे फंक्शन संगणकाने त्या कामासाठी प्रत्यक्ष किती वेळ खर्च केला ते सांगे, तर विंडोजच्या यंत्रावर भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे किती वेळ लोटला ते सांगे. एखादा मजूर दिवसभर कामावर हजर होता आणि त्याने त्यापैकी चार तास प्रत्यक्ष काम केले, या दोन गोष्टी हजेरीपटावर एकाच रकान्यात लिहिण्यासारखेच हे झाले. २०१२ मध्ये दोन अर्थांसाठी दोन स्वतंत्र फंक्शने देण्यात आली व त्यांची नावेही त्या त्या अर्थाला अनुसरून ठेवण्यात आली. क्लॉक वापरू नये अशी सूचना त्याच वेळी निघाली. परंतु ते प्रत्यक्षात काढून टाकले गेले २०१९ मध्ये. एक संदिग्ध नाव निरोप घेण्यास सात वर्षे लागली.

नाव खरे असूनही अपुरे असू शकते. मंगळाकडे पाठविलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे अमेरिकेचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. चौकशीत असे निष्पन्न झाले की, यानाच्या लहान झोतांचा परिणाम मोजणाऱ्या जमिनीवरील आज्ञावलीने आपली उत्तरे पौंडाच्या परिमाणात दिली. ठरलेल्या करारानुसार ती न्यूटनच्या परिमाणात असावयास हवी होती. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. आकडा आला, तो स्वीकारला गेला, आणि यान नियोजित उंचीपेक्षा फार खाली गेले. या अपघाताची कारणे अनेक होती आणि केवळ नावाने तो टळला असता असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि फंक्शनच्या नावात परिमाण लिहिण्याचा जो प्रघात अनेक ठिकाणी पाळला जातो, त्याचे महत्त्व यावरून पटावे. आपल्याकडे क्षेत्र गुंठ्यांत की आरमध्ये, रक्कम रुपयांत की हजार रुपयांत, हा घोळ कोणत्या कार्यालयाला अपरिचित आहे?

आज्ञार्थ की धातुसाधित?

नवी नावे देताना आता व्याकरणाचाही आधार घेतला जातो, ही गोष्ट मराठीच्या शिक्षकांना विशेष वाटेल. एखादी यादी अकारविल्हे लावावयाची आहे. हे काम दोन प्रकारे करता येते. मूळ यादीतीलच क्रम बदलावा, किंवा मूळ यादी तशीच ठेवून क्रमाने लावलेली दुसरी यादी तयार करावी. मूळ क्रमाला महत्त्व असेल, उदाहरणार्थ अर्ज ज्या क्रमाने आले तो क्रम जपावयाचा असेल, तर पहिला प्रकार घातक ठरतो.

पायथनमध्ये पूर्वी फक्त पहिल्या प्रकारचे फंक्शन होते. त्याचे नाव सॉर्ट, म्हणजे क्रमाने लाव. २००४ मध्ये दुसऱ्या प्रकारचे फंक्शन आले, त्याचे नाव सॉर्टेड, म्हणजे क्रमाने लावलेली. पहिले आज्ञार्थी क्रियापद, ते मूळ वस्तूवरच कृती करते. दुसरे धातुसाधित विशेषण, ते नवी वस्तू हाती देते. स्विफ्ट या भाषेच्या कर्त्यांनी २०१६ मध्ये हा संकेत लेखी मार्गदर्शक तत्त्वांतच समाविष्ट केला. वस्तूत बदल घडविणाऱ्या फंक्शनला आज्ञार्थी रूप आणि बदललेली प्रत देणाऱ्या फंक्शनला धातुसाधित रूप द्यावे, असे त्यात सांगितले आहे. जावास्क्रिप्टमध्येही २०२३ मध्ये याच भेदासाठी नव्या नावाची भर पडली.

इंग्रजीत काही शब्द क्रियापदही असतात आणि विशेषणही. तेथे हा संकेत लंगडा पडतो. सी प्लस प्लस या भाषेत एम्प्टी नावाचे फंक्शन आहे. या शब्दाचा अर्थ रिकामे असाही होतो आणि रिकामे कर असाही होतो. हे फंक्शन यादी रिकामी आहे किंवा नाही, एवढेच सांगते; ते काहीही रिकामे करीत नाही. जुनी माहिती पुसली गेली असे समजून आज्ञावलीकार पुढे जातो आणि जुनी माहिती जागेवरच राहते. म्हणून २०२० च्या प्रमाणित आवृत्तीत अशी तरतूद झाली की, या फंक्शनचे उत्तर कोणी वापरले नाही तर संगणकाने इशारा द्यावा. मराठीत ‘रिकामी कर’ आणि ‘रिकामी आहे का’ यांत घोटाळा होणे शक्य नाही. स्कीम या भाषेत तर हो किंवा नाही असे उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह, आणि मूळ वस्तू बदलणाऱ्यापुढे उद्गारचिन्ह लावण्याची पद्धत आहे. ही विरामचिन्हे नावाचाच भाग असतात.

प्रश्न कोणता विचारला आहे हे नावातून स्पष्ट होण्याची निकड पीएचपीच्या आणखी एका उदाहरणात दिसते. मोठ्या मजकुरात एखादा शब्द आहे काय, हे पाहण्यासाठी तेथे वर्षानुवर्षे जे फंक्शन वापरले जाई, ते वास्तविक तो शब्द कोठे आहे ते सांगणारे होते. शब्द अगदी आरंभीच असेल तर उत्तर शून्य येई, कारण मोजणी शून्यापासून होते. आणि शून्य म्हणजे नाही असा अर्थ घेऊन आज्ञावली शब्द सापडलाच नाही असे ठरवी. २०२० मध्ये आठव्या आवृत्तीत ‘यात आहे का’ या अर्थाचे नवे फंक्शन आले. ते फक्त हो किंवा नाही एवढेच म्हणते. या फंक्शनने कोणतीही नवी शक्ती दिली नाही. जे काम आधी वळसा घालून होत होते, त्याला त्याचे स्वतःचे नाव मिळाले. प्रस्तुत लेखकाच्या मते या लेखातील सर्व सुधारणांत ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयुक्त आहे.

नाव बदलणे का कठीण?

इतके सारे ठाऊक असताना वाईट नावे बदलून का टाकत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. येथे शासनव्यवहारातील अनुभव आठवतो. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. त्या कोशातील काही नावांची थट्टा झाली, ‘बदनाम कोश’ अशी कोटीही झाली. तरी व्यवहार थांबला नाही. एकाने कलेक्टर म्हटले, दुसऱ्याने जिल्हाधिकारी म्हटले, तरी टपाल एकाच कचेरीत पोचले. संगणकाला ही समजूत नाही. फंक्शनचे नाव बदलले की जुन्या नावाने हाक मारणारी प्रत्येक आज्ञावली त्या जागी बंद पडते. म्हणून नवे नाव सुरू झाल्यावर जुनेही काही वर्षे चालू ठेवतात, ते वापरल्यास इशारा देतात, आणि मग केव्हातरी काढून घेतात.

नवे नाव निवडतानाही जुन्यांचा अडसर येतो. यादीच्या पोटातील याद्या सोडवून एकच सपाट यादी करणारे फंक्शन जावास्क्रिप्टमध्ये आणावयाचे होते. त्यासाठी फ्लॅटन, म्हणजे सपाट कर, हे नाव मुक्रर झाले होते. परंतु मूटूल्स नावाच्या एका जुन्या संग्रहाने हेच नाव पूर्वीच वापरले असून, नवे फंक्शन आले तर तो संग्रह वापरणारी जुनी संकेतस्थळे बिघडतात, असे २०१८ मध्ये आढळून आले. थट्टेने स्मूश, म्हणजे चेपून टाक, असे नाव पुढे आले आणि त्यावर बराच वाद झाला. शेवटी फ्लॅट एवढेच आखूड नाव ठरले व ते २०१९ च्या प्रमाणित आवृत्तीत दाखल झाले. त्यापूर्वी ‘यात आहे का’ या अर्थाच्या फंक्शनबाबतही याच संग्रहामुळे पहिल्या पसंतीचे नाव सोडावे लागले होते. वापरात नसलेल्या वाटणाऱ्या जुन्या पानांचे रक्षण करण्यासाठी नवी भाषा आपला आवडता शब्द सोडते, यात आम्हांस तरी चूक दिसत नाही. ती पाने कोणाची तरी आहेत.

जुने नाव ठेवून त्याच्या शेजारी नवे उभे करण्यातही धोका असतो. माहितीसंचाकडे मजकूर पाठविण्यापूर्वी त्यातील घातक चिन्हे निष्प्रभ करणारे एक फंक्शन पीएचपीमध्ये होते. ते लिपीचा भेद लक्षात घेत नसल्याने अपुरे ठरले, तेव्हा रिअल, म्हणजे खरे, हा शब्द नावात घालून दुसरे आणण्यात आले. खरे कोणते हे कळले. परंतु उरलेले खोटे आहे, असे त्याच्या नावात कोठेच नव्हते. नवशिके ते वापरीत राहिले. २०१५ मध्ये सातव्या आवृत्तीत दोन्ही फंक्शने त्यांच्या संपूर्ण संचासह काढून टाकण्यात आली.

मराठी नावे

आपल्या कार्यालयांसाठी आज्ञावल्या लिहिणारे अनेकजण मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून नावे ठेवतात. कल्पना स्तुत्य आहे, पण रोमन लिपी मराठीचे ऱ्हस्वदीर्घ व दंत्यमूर्धन्य भेद दाखवीत नाही. व्ही, ए, डी, एच या चार अक्षरांनी लिहिलेले नाव ‘वाढ’ असेही वाचता येते आणि ‘वध’ असेही. पी, ए, टी, आय यांतून पाटी आणि पती दोन्ही निघतात. ‘कर’ हा शब्द तर देवनागरीतही घरपट्टीचा कर आहे की आज्ञार्थी कर आहे, हे एकट्याने सांगत नाही. म्हणून ‘कर आकारणी’, ‘कर मागणी’, ‘कर वसुली’ असे जोडशब्द योजणे श्रेयस्कर. नमुना ८ आणि नमुना ९ यांत आकारणी व मागणी हा भेद पूर्वीपासून रूढ आहे, तो आयता उपलब्ध असताना दोहोंस ‘एकूण’ असे नाव देण्याचे कारण नाही. एखादी पंचायत वा शाळा आज्ञावली करवून घेत असेल, तर तिने पुरवठादाराकडून फंक्शनांच्या नावांची यादी अर्थासह लेखी मागावी. ती वाचण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही, आणि नाव व कृती यांतील विसंगती पुष्कळदा ग्रामसेवकाच्या किंवा मुख्याध्यापकाच्याच प्रथम ध्यानात येईल, कारण त्या शब्दांचा रोजचा व्यवहार त्यांच्याच हातून होतो.

पायथनच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतही नावे देता येतात. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता खाली आडवी रेघ दिली की ‘मागणी_वसुली_तफावत’ हे फंक्शनचे रीतसर नाव होते. मात्र शुद्धलेखनाच्या बाबतीत हा वाचक अत्यंत काटेकोर आहे. एके ठिकाणी ‘वसुली’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वसूली’ असे लिहिले, तर ती त्याच्या दृष्टीने दोन निराळी नावे ठरतात, आणि ज्या नावाची कृती कोठेही लिहिलेली नाही तेथे पोचताच, असे नाव आपणास ठाऊक नाही, असे कळवून तो काम थांबवितो.